झगे, पदकं आणि रुग्णसेवा: ऑर्डर ऑफ माल्टाचा हा थाट आजच्या काळात हवाच कशाला?

अर्धा चहा

रोमला जाऊन आलेले लोक एक फोटो हमखास टाकतात. अव्हेंटाइन टेकडीवरचं हिरवं दार आणि त्याच्या कुलपाच्या भोकातून दिसणारा सेंट पीटरचा घुमट. त्या भोकाला डोळा लावायला रांग लागते, पण दार कुणाचं हे फारसं कोणी विचारत नाही. ते आहे ऑर्डर ऑफ माल्टाचं. नाइट लोकांची, म्हणजे जुन्या युरोपातल्या मानाचा किताब मिळालेल्या योद्ध्यांची कॅथलिक संघटना, अकराव्या शतकात जेरुसलेमच्या यात्रेकरूंसाठी काढलेल्या सेंट जॉनच्या दवाखान्यातून सुरू झालेली, १११३ मध्ये पोपनी मान्यता दिली, मग ऱ्होड्स, मग १५३० पासून माल्टा, १७९८ ला नेपोलियनने तिथूनही हाकललं आणि १८३४ पासून बिऱ्हाड रोममध्ये. आज यांच्याकडे जमीन म्हणाल तर रोममधल्या दोन इमारती आणि माल्टातला एक किल्ला, तरी ११० पेक्षा जास्त देशांशी राजनैतिक संबंध, स्वतःची पोस्टाची तिकिटं, स्वतःचे पासपोर्ट, यूएनमध्ये १९९४ पासून निरीक्षक. आणि समारंभ बघाल तर वाटेल घड्याळ बंद पडलंय. काळे झगे, त्यावर पांढरा आठ टोकांचा क्रॉस, गळ्यात रिबिनीला पदक, प्रमुखाला 'हिज मोस्ट एमिनंट हायनेस' म्हणायचं.

हे सगळं हास्यास्पद वाटतं हे मला माहितीय. पण माझं मत असं की हा थाट राहू द्यावा, कारण त्याच्या मागे जे काम उभं आहे ते खोटं नाही. बेथलेहेमचं होली फॅमिली हॉस्पिटल घ्या, १९९० पासून ऑर्डर तिथे प्रसूती विभाग चालवतेय. कॅथलिक नाइटांचं हॉस्पिटल, पण तिथे बाळंत होणाऱ्या बायका बहुतेक मुस्लिम. वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी अतिदक्षता विभाग आहे. जगभर मिळून सदस्य १३,५०० च्या आसपास, पण व्हॉलंटियर लाखाच्या जवळपास आणि पगारी स्टाफ ५० हजारांच्या आसपास, त्यात बरेचसे डॉक्टर-नर्स. एवढी माणसं आणि एवढा पैसा नऊशे वर्षं नुसत्या सद्भावनेवर जमत नाही. माणसाला मिरवायला आवडतं, मग मिरवू द्या की, फक्त मिरवण्याचं भाडं म्हणून काम करून घ्या.

तुम्हाला काय वाटतं?

खडूस ठाणेकर

मला वाटतं श्रीमंतांना कंटाळा आला की ते एकतर गोल्फ खेळतात नाहीतर झगे घालतात. २०२२ पर्यंत या ऑर्डरचा ग्रँड मास्टर, म्हणजे प्रमुख, व्हायला खानदानी उमराव असावं लागायचं, ते नाही सांगितलंत? म्हणजे रुग्णसेवा करायला आधी पणजोबांचे कागद दाखवा. नऊशे वर्षांच्या संस्थेला ही अट काढायला एकविसावं शतक उजाडावं लागलं आणि तेही स्वतःहून नाही, पोप फ्रान्सिसनी नवी घटना लादली तेव्हा.

आणि पोपनी लादली का, तेही सांगतो. २०१६ च्या डिसेंबरात यांच्या ग्रँड चॅन्सेलरला, म्हणजे परराष्ट्रमंत्र्यासारख्या पदावरच्या माणसाला, बोझेलागर नाव त्याचं, ग्रँड मास्टर फेस्टिंगने काढून टाकलं. निमित्त काय तर म्यानमारमध्ये यांच्या मदतकार्यात कंडोम वाटले गेले होते. एचआयव्हीच्या प्रकल्पात कंडोम वाटणार नाही तर काय तीर्थ वाटणार? मग व्हॅटिकनने त्यात हात घातला, जानेवारी २०१७ मध्ये ग्रँड मास्टरलाच राजीनामा द्यावा लागला, काढलेला माणूस परत आला. सार्वभौम म्हणवणाऱ्या संस्थेची ही सार्वभौमता. झग्याचा मान कुणाचा यावरून महिनोन्महिने भांडण, आणि म्यानमारच्या पेशंटचं काय झालं हे त्या सगळ्या बातम्यांत शोधून सापडत नाही.

अर्धा चहा

ठाणेकर, भांडण कुठल्या संस्थेत होत नाही हो? आपल्याकडे हौसिंग सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून यापेक्षा मोठी होतात. आणि नवीन घटनेने खानदानाची अट गेली, तहहयात पद गेलं, आता १० वर्षांची मुदत आहे. मे २०२३ ला जे निवडून आले ते डनलॅप कॅनडात जन्मलेले, व्यवसायाने वकील. म्हणजे बदलतायत ना लोक.

वसईकर नाना

मी कॅथलिक, वसईचा, त्यामुळे मला या विषयात थोडा जास्त रस. माझी मावसबहीण बरीच वर्षं लंडनला असते, ती ऑर्डरची सदस्य वगैरे नाही पण मे महिन्यात यांची लूर्दची यात्रा असते ना फ्रान्समध्ये, त्यात व्हॉलंटियर म्हणून जाऊन आली, स्वतःच्या खर्चाने. तिने सांगितलेलं सांगतो. लूर्दला आजारी लोकांना न्यायला निळ्या छपराच्या तीन चाकी गाड्या असतात, पुढे दांडा, तो हाताने ओढायचा आणि एकाने मागून ढकलायचं. तिच्या गाडीत एक म्हातारे गृहस्थ, अर्धांगवायू झालेले. दांडा ओढायला जो माणूस तो कुठल्यातरी मोठ्या बँकेतला, घरी गाडीचं दारसुद्धा ड्रायव्हर उघडत असेल. पाऊस लागला तेव्हा त्याने आपला झगा काढून म्हाताऱ्याच्या गुडघ्यांवर टाकला आणि स्वतः भिजत चढ चढला. संध्याकाळी त्याच माणसाने त्यांना चमच्याने सूप भरवलं, तोंड पुसलं, संडासलाही नेलं. बहिणीने विचारलं की घरी हे कधी केलंय का, तर म्हणे स्वतःच्या वडिलांचंही नर्सनेच केलं होतं.

आता हा माणूस झगा मिळाला नसता तर तिथे आला असता का? मला नाही वाटत. या ऑर्डरमध्ये आजाऱ्याला 'आमचे स्वामी' म्हणायची जुनी रीत आहे. माल्टात वलेटाला यांचं जे मोठं इस्पितळ होतं, दीडशे मीटरहून लांब एकच वॉर्ड, तिथे रुग्णांना चांदीच्या ताटवाट्यांत जेवण द्यायचे आणि वाढायचे कोण तर स्वतः नाइट. त्या काळात राजवाड्याबाहेर चांदी कुणाच्या पानात पडत होती सांगा.

खडूस ठाणेकर

नाना, चांदीची ताटं खरी आहेत. पण त्याच माल्टात त्याच नाइटांच्या जहाजांवर वल्ही मारायला साखळदंडातले गुलाम होते, समुद्रात मुसलमानांची जहाजं लुटून आणलेले. चांदी कुठून आली असेल याचा थोडा अंदाज बांधा. एका हाताने गुलामाला साखळी आणि दुसऱ्या हाताने आजाऱ्याला सूप, असा तो सगळा पवित्र कारभार.

काळा कोट

भावनिक चर्चा चालू दे, मी कायद्याचं टाकून जातो. भारतीय राज्यघटनेचं कलम १८ सांगतं की सरकारने लष्करी आणि शैक्षणिक सोडून कुठलाही किताब द्यायचा नाही आणि भारतीय नागरिकाने परदेशी राष्ट्राकडून किताब घ्यायचा नाही. १९९५ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने पद्म पुरस्कार हे किताब नाहीत असं ठरवलं पण बजावलं की नावाच्या पुढेमागे लावता येणार नाहीत. तरी आपल्याकडे लग्नपत्रिकेत 'पद्मश्री' छापतातच तो भाग वेगळा. रतन टाटांना २०१४ मध्ये ब्रिटनने जो मोठा सन्मान दिला तो मानद होता, म्हणून ते 'सर रतन' झाले नाहीत.

आता गंमत अशी की ऑर्डर ऑफ माल्टा सार्वभौम आहे पण तिला भूभाग नाही, मग ती कलम १८ मधलं 'राष्ट्र' ठरते का? यावर कोर्टात मस्त दोन दिवस खाता येतील.

बिल्ला आणि शिट्टी

तुम्ही सगळे रोम आणि लूर्द करताय, या सेंट जॉनच्या घराण्यातली एक शाखा आपल्या एसटीत येऊन बसलीये हे कुणाला माहितीय का? सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स. कंडक्टरच्या लायसनला प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट लागतं, ते मी त्यांचंच काढलं. त्याच्यावर तोच आठ टोकांचा क्रॉस. ही ब्रिटिश ऑर्डर, प्रोटेस्टंट, १८८८ ला व्हिक्टोरिया राणीने सनद दिली, अ‍ॅम्ब्युलन्सचं काम त्याच्याही आधी १८७७ ला सुरू. माल्टावाले आणि हे आधी एकमेकांना फार मानायचे नाहीत, १९६३ ला दोघांनी मिळून जाहीर केलं की बाबा आपण दोघंही खरे. यांचंही जेरुसलेममध्ये डोळ्यांचं हॉस्पिटल आहे १८८२ पासून, गाझातही दवाखाना काढलेला.

मला त्या वर्गात काय शिकवलं ते सांगतो. तिकोनी पट्टी. खांद्याचं हाड मोडलं तर हात झोळीत कसा ठेवायचा, बोटांची टोकं बाहेर ठेवायची म्हणजे निळी पडली तर कळतं, गाठ मानेच्या मागे मणक्यावर नाही तर कडेला घ्यायची आणि ती रीफ नॉटच पाहिजे, सपाट बसते, टोचत नाही, एका झटक्यात सुटते. शिकवणारे सर रिटायर्ड रेल्वेवाले, त्यांच्या कोटावर छोटा बिल्ला होता त्याच क्रॉसचा. तो बिल्ला ते दर पाच मिनिटांनी रुमालाने पुसायचे. ती पट्टी मी घाटात एका अपघातात बांधलीये. त्यामुळे ज्याला बिल्ला पुसायचाय त्याने खुशाल पुसावा, माझी काही हरकत नाही.

नाईट ड्युटीवाली

मी नर्स आहे, सरकारी हॉस्पिटलात. वरचं सगळं वाचलं. त्या बँकवाल्याने एक दिवस गाडी ओढली, तोंड पुसलं, तर त्याची गोष्ट लंडनहून वसईला आली. आम्ही रोज पुसतो. आम्हाला झगा सोडा, वेळेवर ग्लोव्हज मिळाले तरी सण. आणि अर्धा चहा, तुम्ही हे सांगितलं नाहीत की या ऑर्डरचा जो सगळ्यात वरचा वर्ग आहे, गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालनाची शपथ घेणारा, त्यात फक्त पुरुष. बायकांना 'डेम', म्हणजे नाइटचा बायकांसाठीचा किताब, म्हणायचं, लूर्दला पांढरे एप्रन घालून पुढे करायचं, पण तिथे प्रवेश नाही. नऊशे वर्षं रुग्णसेवेची आणि सेवा करणारी बाई अजून दाराबाहेर.

अर्धा चहा

हा मुद्दा खरा आहे ताई, त्यावर मी त्यांची बाजू घेणार नाही. पण तुम्हाला ग्लोव्हज मिळत नाहीत याचा दोष माल्टाच्या झग्याला कसा देणार?

नाईट ड्युटीवाली

दोष नाही देत. मी एवढंच म्हणतेय की पाहुणा सेवक आणि रोजचा सेवक यांत टाळ्या नेहमी पाहुण्याला पडतात, आणि असे समारंभ त्या टाळ्यांचीच सोय करतात.

सदाशिव पेठेबाहेरचा

पदवी आणि दानधर्म यांचं लग्न आपल्याकडेही जुनं आहे. जमशेटजी जीजीभॉय १८४२ ला 'सर' झाले, असा किताब मिळालेले पहिले भारतीय. त्यांच्या देणगीतून जे. जे. हॉस्पिटल उभं राहिलं, १८४५ ला सुरू झालं. पैसा चीनच्या व्यापारातला, त्यात अफूही होती. आता जे.जे.च्या ओपीडीत रांगेत उभ्या असलेल्या माणसाला विचारा की अफूच्या पैशाचं हॉस्पिटल नको का म्हणून.

पण दुसरी वाटही आपल्याच लोकांनी दाखवलीय. गोपाळ कृष्ण गोखल्यांना १९१४ ला 'सर' व्हायची संधी आली, त्यांनी नाही म्हटलं. आणि त्याआधी १९०५ मध्ये पुण्यात त्यांनी भारत सेवक समाज काढला, त्याच्या सदस्यांना शपथच असायची की स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवणार नाही, संस्था देईल त्यात भागवेन. ना. म. जोशी तिथले, ठक्करबाप्पा तिथले. शपथ होती, शिस्त होती, झगा नव्हता, पदक नव्हतं. म्हणजे ऑर्डर काढता येते, रिबिनीशिवाय.

वसईकर नाना

पेठेबाहेरचे, उदाहरण झकास, पण ते माझ्याच बाजूचं आहे. तशी शपथ घेणारी माणसं किती मिळतात? या ऑर्डरमध्येसुद्धा १३,५०० पैकी पूर्ण शपथ घेतलेले नाइट काही डझनच आहेत. बाकी सगळे आपल्यासारखे, बायकामुलं, ईएमआय, ब्लडप्रेशर. गोखले रोज जन्माला येत नाहीत, बँकवाले रोज येतात. त्यांना कामाला कसं लावायचं हा प्रश्न आहे.

सदाशिव पेठेबाहेरचा

त्यांना लावता येतं नाना, झग्याशिवायही. १९८९ च्या ऑगस्टमध्ये पूर्व जर्मनीतून पळालेले हजारो लोक बुडापेस्टमध्ये अडकले होते, तेव्हा तिथल्या माल्टा संघटनेने एका चर्चच्या आवारात तंबू ठोकून त्यांना ठेवून घेतलं, जेवू घातलं. बर्लिनची भिंत पडायच्या तीन महिने आधीची गोष्ट. तिथे कुणाला गळ्यात पदक घालून तंबूचे खुंटे ठोकायला वेळ होता असं वाटत नाही. तुमच्या ऑर्डरचं मला सगळ्यात आवडलेलं काम हेच, आणि ते बिनझग्याचं.

काळा कोट

एक इशारा, कारण असे धागे वाचून लोकांना खाज सुटते. हल्ली हॉटेलच्या हॉलमध्ये 'नाइटहुड' विकणाऱ्या बऱ्याच बोगस ऑर्डरी फिरतायत, नावात सेंट जॉन किंवा माल्टा घालून. आमच्या ओळखीच्या एका बिल्डरने असा झगा घेतला, वर तलवारीसोबत फोटो, फ्लेक्सवर 'सर'. सेंट जॉनच्या परंपरेतल्या खऱ्या पाच ऑर्डरींनी, त्यात माल्टावालेही, मिळून अशा खोट्यांवर नजर ठेवायला कमिटीच काढलीय इतका हा धंदा जोरात आहे. साधी खूण सांगतो: पैसे आधी आणि काम कधीच नाही, अशी ऑफर आली की फोन ठेवा.

खडूस ठाणेकर

म्हणजे खऱ्या ऑर्डरीत पैसे आधी आणि काम नंतर, एवढाच फरक का वकीलसाहेब?

बिल्ला आणि शिट्टी

ठाणेकर, तुम्ही एकदा प्रथमोपचाराचा वर्ग करा. फी फार नसते, झगा मिळत नाही, उमराव असावं लागत नाही. सर्टिफिकेट मात्र मिळतं, ते फ्रेम करून लावायचं की कपाटात टाकायचं ते तुमचं तुम्ही बघा.

खडूस ठाणेकर

वर्ग करतो. रविवारी असेल तर लिंक टाका. पण क्रॉसवाला बिल्ला दिला तर परत करणार.