अमेरिकेतला क्लॉक रेडिओ मुंबईत चालेल का?

प्रश्न: भाऊ तिकडून बेडरूमसाठी क्लॉक रेडिओ आणतोय. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला की झालं ना?

उत्तर १: व्होल्टेजचं भागेल, फ्रिक्वेन्सीचं नाही. बरीच स्वस्त मॉडेल्स विजेच्या ६० हर्ट्झवरून (सेकंदाला ६० आवर्तनं) वेळ मोजतात. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणजे घड्याळ तासाला १० मिनिटं मागे. गजर विसराच! ॲडॅप्टरवर चालणारा, क्वार्ट्झवाला, म्हणजे आतल्या स्फटिकावरून वेळ मोजणारा, मागवा.

उत्तर २: मिडियम वेव्ह ऐकणार असाल तर अजून एक. तिथले डिजिटल ट्यूनर १० किलोहर्ट्झच्या टप्प्याने सरकतात, इथे ९ लागतात. आकाशवाणीची अस्मिता वाहिनी ५५८ वर, ट्यूनर थांबणार ५६० वर, आवाज फाटतो. मागे ९/१० चा स्विच आहे का, विचारा.

उत्तर ३: आकडे लाल, डिमरसह. निळे अंधारात डोळ्यांत घुसतात. बॅकअपचा सेलही घाला, नाहीतर लाइट गेली की १२:०० लुकलुकत बसतं.