जिनसेंग फायकस भराभर पानं टाकतंय, मदत हवी आहे

मंडळी, मे महिन्यात नर्सरीतून हे बोन्साय आणलं. रताळ्यासारखी फुगलेली मुळं मातीच्या वर, डोक्यावर बारीक चकचकीत पानं. हे तर आपलं नांद्रुक, असं म्हटलं तर नर्सरीवाला म्हणे, "छे, इंपोर्टेड आहे!"

बाल्कनीत मजेत होतं. जूनमध्ये झड आत यायला लागली म्हणून हॉलमध्ये टीव्हीशेजारी आणलं, खिडकीपासून आठेक फूट. पंधरा दिवसांत पानं पिवळी. आता केर काढताना रोज वीस-पंचवीस निघतात. फांदी नखाने खरवडली तर आत हिरवी आहे, चीकही येतो. पाणी रोज कपभर. माती वरून कोरडी दिसते, पण उदबत्तीची काडी तळापर्यंत खुपसली की चिखल लागून येते.

शिवाय खालच्या जाड मुळातून दोन फुटवे आलेत, त्यांची पानं वरच्यांच्या दुप्पट. असं कसं? आणि मेअखेरीस फांदीला वळण द्यायला गुंडाळलेली अ‍ॅल्युमिनियमची तार एका जागी सालीत रुतलीय. कुंडी बदलू का? आई तर म्हणतेय, वडाच्या जातीचं घरात नकोच, देवळामागे लावून ये.

प्रतिसाद १:
नांद्रुकच आहे ते, तुमचं बरोबर. उजेड एकदम कमी झाला की फायकस पानं टाकतंच, त्यात तुमचं रोजचं पाणी. खिडकीला चिकटून ठेवा आणि मग हलवू नका. काडी जवळपास कोरडी निघाली तरच पाणी.

मोठ्या पानांचं कोडं सोपं आहे: कलम. खाली एक झाड, वर बारीक पानांच्या जातीची फांदी बांधलेली. एरवी ते फुटवे लगेच कापा म्हटलं असतं, नाहीतर वरचं उपाशी मरतं. पण वर बोडकं झालं असेल तर सध्या मुळांना तीच पानं पोसतायत. वर पालवी धरली की कापा. चीक कपड्यांवर पडू देऊ नका, डाग निघत नाही.

तार उलगडू नका, फांदी मोडेल. पक्कडीने तुकडे करून काढा. मुळांना कुजका वास येत असेल तरच आत्ता कुंडी बदला: विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू, मूठभर शेणखत. आधी तळाचं भोक बघा.

धागाकर्ता:
बघितलं. भोक मातीने गच्च बुजलेलं. विणायची सुई घातली तर बशीभर पाणी निघालं, वासासकट. विटा फोडायला बसतोय.