लायसन्सची मुदत संपून आठ महिने: परत टेस्ट द्यावी लागेल का?

प्रश्न: वय ४४, लायसन्स नाशिकचं (एमएच-१५), दुचाकी आणि कार. पेठ रोडच्या आरटीओत पुन्हा टेस्ट होईल का? तोवर गाडी चालवली तर?

उत्तर १: मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला तर टेस्ट नाही, वर्ष उलटलं की द्यावी लागते. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर ‘डीएल रिन्युअल’ निवडा. चाळिशी ओलांडल्यामुळे डॉक्टरच्या सही-शिक्क्याचा फॉर्म १ए, म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र, हवाच. स्कॅन अस्पष्ट असेल तर अर्ज परत येतो. नूतनीकरणाच्या फीशिवाय उशिराचा आकारही पडेल.

उत्तर २: तोवर गाडीला हात लावू नका. पूर्वी ३० दिवसांची सवलत होती, ती मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीत गेली. कलम १८१खाली दंड ५,००० रुपये, आणि गाडी दुसऱ्याची असेल तर मालकालाही कलम १८०खाली तेवढाच.

उत्तर ३: दंडापेक्षा विमा बघा. नूतनीकरण मागच्या तारखेपासून लागू होत नाही, झाल्या दिवसापासून होतं. मधल्या काळात अपघात झाला तर कंपनी क्लेमवर बोट ठेवणारच.

प्रश्नकर्ता: समजलं. आधी १ए, मग अर्ज.