मदत हवी आहे: ग्रोव्हर क्लीव्हलंडच्या १८८२ मधल्या नकाराधिकाराची मूळ नोंद

पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या क्लीव्हलंडवर मराठीत जे थोडंफार मिळतं, ते राष्ट्राध्यक्षपदापाशीच सुरू होतं. १८५९ मध्ये सनद घेतलेला बफलोचा (न्यूयॉर्क राज्यातलं शहर) वकील, नंतर एरी काउंटीचा (बफलोचा जिल्हा) शेरीफ आणि १८८२ मध्ये बफलोचा महापौर, हा भाग एका ओळीत उरकला जातो. त्यावर सविस्तर लेख तयार होतोय.

मुख्य प्रसंग रस्ते-सफाईच्या ठेक्याचा. नगर परिषदेने पाच वर्षांचं काम ४,२२,५०० डॉलरना मंजूर केलं. सर्वांत कमी रकमेची निविदा त्याहून लाखभर डॉलरने खाली होती. क्लीव्हलंडने जूनमध्ये नकाराधिकार वापरून ठराव परत पाठवला आणि कारण अगदी रोखठोक लिहिलं: हा जनतेच्या पैशाची उधळपट्टी करणारा निर्लज्ज डाव आहे. परिषदेला माघार घ्यावी लागली. त्याच नोव्हेंबरमध्ये तो न्यूयॉर्क राज्याचा गव्हर्नर निवडून आला, इतका हा एक कागद महत्त्वाचा!

बफलो किंवा आसपास राहणारं कुणी आहे का? तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या ग्रॉव्हनर कक्षात स्थानिक इतिहासाचा संग्रह आहे. १८८२ च्या परिषद-कामकाजाच्या छापील खंडाबद्दल तिथे विचारावं. जून-जुलैची पानं हवीत: सगळ्या निविदांचे आकडे, ठरावावरचं नावनिशीवार मतदान आणि महापौरांचा पूर्ण संदेश. वर्तमानपत्री कात्रण नको, त्यात संदेश बहुधा कापून छापतात. फोटो काढताना खंडाचं मुखपृष्ठ आणि पान क्रमांक नक्की यावेत, नाहीतर संदर्भ देता येत नाही.