मदत हवी आहे: आत्याचे जन-धनचे पैसे गर्दीत न जाता कसे काढावेत?

नमस्कार. माझी आत्या ७२ वर्षांची असून सांगोला तालुक्यातील एका खेड्यात एकटी राहते, आणि मी करोनाच्या टाळेबंदीमुळे (मे २०२०) पुण्यात अडकलो आहे. तिच्या जन-धन खात्यात सरकारकडून एप्रिल ते जून २०२० असे तीन महिने दरमहा ५०० रुपयांची मदत जमा होत आहे. श्रावणबाळ या वृद्धांसाठीच्या निवृत्तिवेतन योजनेचा सध्याचा १००० रुपयांचा पगारही त्याच खात्यात येतो. गर्दी टाळण्यासाठी खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकानुसार पैसे काढण्याचे दिवस ठरवले आहेत; तिचा अंक ६ असल्याने या महिन्यात तिचा दिवस ८ मे आहे.

एप्रिलमध्ये ती पहाटेच बँक मित्राच्या (गावात बँकेचे व्यवहार करून देणाऱ्या प्रतिनिधीच्या) केंद्रावर गेली होती. तेथे अंतर राखण्यासाठी चुन्याची वर्तुळे आखलेली होती. परंतु ऊन चढले तशी सारी रांग पत्र्याच्या सावलीत एकमेकांना खेटून उभी राहिली. प्रत्येक जण त्याच यंत्रावर अंगठा लावत होता आणि काही जण बोटाला थुंकी लावून नोटा मोजत होते. आयुष्यभर खुरपणी केलेल्या आत्याचा अंगठा यंत्राने ओळखलाच नाही. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, तेव्हा कुठे मधल्या बोटाच्या ठशावर पैसे मिळाले.

६५ वर्षांवरील व्यक्तींनी घरीच राहावे अशी टाळेबंदीतील सूचना आहे आणि तिला रक्तदाबही आहे. तरीही ती ८ तारखेलाच जायचे म्हणते, कारण पैसे लगेच काढले नाहीत तर सरकार परत घेते, असे गावात कोणीतरी पसरवले आहे. असे होणार नाही, हा सरकारचा खुलासा मी तिला फोनवर वाचून दाखवला, पण तिची समजूत पटत नाही. पोस्टमन घरी येऊन इतर बँकेच्या खात्यातील पैसे देतात, हे खरे आहे का? आणि ठसा उमटलाच नाही, तर दुसरा कोणता मार्ग आहे?

प्रतिसाद: होय, हे खरे आहे. मी ग्रामीण टपाल सेवेत आहे. खाते आधारशी जोडलेले असले की पुरे, टपाल बँकेत वेगळे खाते लागत नाही. आत्याबाईंना बोटाच्या ठशावर पैसे मिळाले, त्याअर्थी ते जोडलेले आहे. गावच्या डाकसेवकाला आधीच निरोप द्यावा. ठसा देण्यापूर्वी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत, कारण ओले बोट यंत्र नीट वाचत नाही. ठसा दिल्यावर आणि नोटा मोजून झाल्यावर पुन्हा धुवावेत. मधल्या बोटापासूनच सुरुवात करावी. एक मात्र आवर्जून सांगतो: 'ठसा लागला नाही, पुन्हा द्या' असे कोणीही म्हटले, तरी खात्यातून रक्कम वजा झाली आहे का, हे आधी पाहावे आणि पावती मागून घ्यावी. कोणतेच बोट चालले नाही, तर बँकेच्या शाखेत पैसे काढण्याच्या चिठ्ठीवर दोन साक्षीदारांसमक्ष अंगठा घेता येतो. त्यांपैकी एक बँकेचा अधिकारी असावा लागतो.

धागाकर्ता: मनापासून आभार. डाकसेवकाशी आताच बोललो. ते ११ तारखेनंतर घरी येतील, आणि तोपर्यंतच्या गोळ्यांचे पैसे मी शेजारच्या काकूंच्या मुलाच्या खात्यात पाठवले आहेत, म्हणजे ८ तारखेला बाहेर पडण्याचे आत्याला कारण उरणार नाही.