दबावगट नेमका कोणाला म्हणायचं? मोर्चा काढणाऱ्याला की गुपचूप काम करून घेणाऱ्याला?

धुळ्याचा_पोरगा:
नमस्कार मंडळी, एमपीएससी करतोय, धुळ्यात रूम घेऊन राहतो. पॉलिटीत दबावगटाचं प्रकरण चालूय. पुस्तकात लिहिलंय की दबावगट निवडणूक लढवत नाही, सत्ता घेत नाही, फक्त आपल्या लोकांच्या हितासाठी सरकारवर दबाव आणतो. पाठ झालं. पण काल कलेक्टर ऑफिससमोरून येत होतो तर पंधरावीस जण, एक बॅनर, एक माईक, घोषणा चालू, आणि बंदोबस्ताचे पोलीस टपरीवर निवांत चहा घेताय. आत जाऊन निवेदन दिलं, देतानाचा फोटो काढला, बाहेर आले, गाड्यांना किक मारली अन गेले. याला दबाव म्हणायचा का? खरंच याने सरकार हलतं का कोणी अनुभवाने सांगेल? पुस्तकी उत्तर नको, ते माझ्याकडे आहे.

निवृत्त_अव्वल_कारकून:
भाऊ, तुना प्रश्न बरा शे. माझी सगळी नोकरी महसूलमध्ये गेली म्हणून सांगतो. निवेदन आलं की आवक टेबलवर शिक्का बसतो, नंबर पडतो, मग त्याला वरून एक पत्र लागतं, "योग्य त्या कार्यवाहीस्तव पुढे सादर", आणि तो कागद प्रवासाला निघतो. तहसील, प्रांत, कलेक्टर, कधी मंत्रालय. बऱ्याचदा फिरून ज्या खात्याबद्दल तक्रार आहे त्याच खात्याकडे अहवालासाठी येतो 😄 आता गंमत बघ, दहा मागण्या लिहिलेलं निवेदन दहा खात्यांत फाटतं आणि कोणाचंच राहत नाही. एकच मागणी, सोबत जीआरचा नंबर, आणि पंधरा दिवसांनी तोच माणूस आवक नंबर घेऊन परत टेबलासमोर उभा, असं असलं की साहेबसुद्धा फाईल शोधायला लावतो. आम्ही ऑफिसात माईकवाल्याला घाबरत नव्हतो, परत येणाऱ्याला घाबरायचो.

चोपडा_कापूस:
कारकून काकांचं बरोबर पण हे झालं तालुक्याचं. वरचा खेळ वेगळाय. दोन उदाहरणं देतो, दोन्ही आपल्याच भागाशी संबंधित. जळगाव म्हणजे दाळ मिलचं गाव, बरोबर? २ जुलै २०२१ ला केंद्राने डाळींच्या साठ्यावर मर्यादा लावली, होलसेलवाल्याला २०० टन, मिलवाल्याला मागच्या तीन महिन्यांच्या उत्पादनाएवढा किंवा वर्षाच्या क्षमतेच्या २५ टक्के. देशभरच्या व्यापाऱ्यांनी ओरड केली आणि १९ जुलैला होलसेलचे झाले ५०० टन, मिलला सहा महिन्यांचं उत्पादन किंवा ५० टक्के, आयातदार तर मोकळेच. मोजा, १७ दिवस.

आता कापूस. १९ ऑगस्ट २०२५ ला कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले आणि मग वाढवून ३१ डिसेंबर. मागणी होती कापड उद्योगाची, अमेरिकेने टॅरिफ लावल्यामुळे त्यांचं पण गळ्याशी आलं होतं, ते मी नाकारत नाही. पण आमचा कापूस घरात येतो दिवाळीच्या मागंपुढं, म्हणजे बरोब्बर त्याच महिन्यांत. त्या हंगामात (२०२५-२६) लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० आणि खेडा खरेदीवाला गाडी घेऊन दारात आला की कापसाची मूठ भरून नाकाशी नेणार, "ओल आहे आप्पा" म्हणणार आणि त्याच्या बराच खाली भाव बोलणार. आम्ही रस्ता अडवला की सगळ्यांना दिसतो, गिरणीवाले दिल्लीत आकड्यांची फाईल घेऊन कोणासमोर बसले ते कोणालाच दिसत नाही. तुझ्या पुस्तकात त्यांना पण दबावगटच म्हणत असतील ना, का वेगळं सन्मानाचं नाव आहे?

सराफ_गल्ली:
चोपडा भाऊ, पैसेवाल्यांचं नेहमी ऐकतात असं पण नाही हो. आमचंच घ्या. २०१२ च्या बजेटमध्ये बिगर-ब्रँड दागिन्यांवर १ टक्का अबकारी (म्हणजे केंद्राचं उत्पादन शुल्क) लावली, देशभरातल्या सराफांनी तीनेक आठवडे शटर खाली ठेवलं आणि मे महिन्यात अर्थमंत्री प्रणव मुखर्जींनी ती मागे घेतली. २०१६ ला अर्थमंत्री जेटलींनी तीच १ टक्का परत आणली. २ मार्चपासून बंद, यावेळी त्याच्यापेक्षा लांबला, लग्नसराई तोंडावर, कारागीर रिकामे, गिऱ्हाईक मंगळसूत्रासाठी मागच्या दाराने घरी यायला लागलं. मिळालं काय? अशोक लाहिरी समिती, आणि छोट्यांसाठी सूट मर्यादा ६ कोटींवरून १० कोटी. कर तसाच. तेच लोक, तीच मागणी, तोच बंद, मग फरक कशाचा? माझ्या मते २०१२ चं सरकार दहा पक्षांच्या टेकूवर उभं होतं आणि २०१६ च्या सरकारकडे स्वतःचं बहुमत होतं. दबाव कोणावर टाकतोय तो किती कच्चा आहे त्यावर पण असतं.

बाई_माध्यमिक:
मी शिक्षिका आहे म्हणून वेगळाच मुद्दा. काही गटांना दबाव आणायला रस्त्यावर यायची गरजच नाही, घटनेनेच खुर्ची ठेवलीय. कलम १७१ वाच, परीक्षेला पण येईल. आपल्या विधान परिषदेत ७८ पैकी ७ जागा शिक्षकांच्या, ७ पदवीधरांच्या. आपला नाशिक विभागाचा मतदारसंघ म्हणजे धुळे, नंदुरबार, जळगाव, नाशिक, नगर. निवडणूक आली की एरवी फोन न उचलणारे नेते स्टाफरूममध्ये येऊन आमच्यासोबत पोहे खातात. पण यातली मेख बघ, मत फक्त माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकाला, झेडपीच्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींना नाही, आणि तरीही त्यांच्या संघटना आमच्यापेक्षा तगड्या, कारण गावागावात माणूस आहे.

आणि जुन्या पेन्शनचं लक्षात आहे का, मार्च २०२३ चा राज्य कर्मचाऱ्यांचा संप? आठवडाभरात मागे घेतला तेव्हा आमच्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर लोकांनी नेत्यांना शिव्या घातल्या होत्या. पण पुढच्या वर्षभरात राज्याला सुधारित योजना आणावी लागली. जुनी पेन्शन मिळाली नाही, पण विषय टेबलावरून हटला पण नाही.

धडगाव_अक्राणी:
सगळे पैसा नाहीतर मतांवर बोलताय. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. मणिबेली, अक्कलकुव्यातलं गाव, सरदार सरोवरात महाराष्ट्रातलं सगळ्यात आधी बुडायला लागलं. नर्मदा बचाव आंदोलनाने विषय थेट जागतिक बँकेपर्यंत नेला, त्यांना १९९२ मध्ये स्वतःच नेमलेल्या मोर्स समितीचा अहवाल घ्यावा लागला आणि १९९३ मध्ये बँक प्रकल्पातून बाहेर पडली. १९९४ ला जगभरातल्या शेकडो संघटनांनी मोठ्या धरणांच्या कर्जाविरुद्ध पत्रक काढलं त्याचं नाव काय? मणिबेली जाहीरनामा. तेव्हा नंदुरबार जिल्हा पण झाला नव्हता, आम्ही धुळ्यात होतो. धरण थांबलं का, नाही. २००० ला सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली आणि आज १३८.६८ मीटर उभंय. पण जमिनीला जमीन मिळाली ज्यांना मिळाली ती लढल्यामुळे, तहसीलमधून कोणी घरपोच आणून दिली नाही. काहींची अजून बाकीय.

चोपडा_कापूस:
धडगाव भाऊंना राम राम. याच्यापुढे आमचं शुल्काचं रडगाणं किरकोळ वाटायला लागलं.

धुळ्याचा_पोरगा:
बापरे, नोट्स काढायला रजिस्टर घ्यावं लागेल. सगळ्यांचे आभार. आता खरं सांगतो, हे सगळं विचारायचं कारण म्हणजे आमच्या गावाची सकाळची एसटी बंद झालीय, कॉलेजची पोरं-पोरी वडापला लटकून जाताय. आम्ही मित्रमंडळाच्या लेटरहेडवर निवेदन लिहिलंय, १४ मागण्या आहे. काका, पहिल्या सोमवारी कलेक्टर ऑफिसात लोकशाही दिन असतो ना, तिथे देऊ का?

निवृत्त_अव्वल_कारकून:
१४?? अरे भो, आत्ताच काय सांगितलं मी. आणि लोकशाही दिनाला वैयक्तिक तक्रार घेतात, लेटरहेड बघूनच परत करतील. मंडळ घरी ठेव. पास काढणाऱ्या पोरींच्या आयांकडून प्रत्येकीच्या नावाने वेगळा अर्ज लिहून घे, नमुन्यातला, पंधरा दिवस आधी, दोन प्रतीत. मागणी एकच, सकाळची गाडी. आणि टोकनच्या लाईनीत त्या आयांनाच उभं कर, तू मागे थांब.