पहिलीच्या वर्गात कोरकू बोलली तर बिघडलं कुठे?

सातपुड्याचा मास्तर

"आई आला."

परवा पहिलीतलं एक पोरगं खिडकीतून बघत ओरडलं. वर्गावर नवीन रुजू झालेले सहकारी होते. ते म्हणाले, "आई आली म्हण." पोरगं पुन्हा, "आई आला." तिसऱ्या वेळी त्याने तोंडच उघडलं नाही. पुढचे दोन दिवस हजेरीलाही नुसता हात वर. सर वाईट नाहीत, जीव ओतून शिकवतात. पण कोरकूत, म्हणजे पोराच्या घरच्या आदिवासी भाषेत, बाई-पुरुष असं लिंग नसतं, सजीव-निर्जीव एवढाच भेद असतो, हे त्यांना डी.एड.ला कोणी सांगितलेलं नव्हतं. पोरगं आपल्या व्याकरणाने बोलत होतं, आणि वहीत नोंद झाली 'अप्रगत'.

मेळघाटात जिल्हा परिषदेच्या शाळेत मला अकरा वर्षं झाली. पहिली तीन मीही हेच केलं. मग एका पावसाळ्यात पुस्तकं उशिरा आली म्हणून चिंचोके घेऊन बसलो आणि पोरांनाच म्हटलं, तुमच्यात मोजा. मिया, बारी, आफई, उफून, मोनोई... थेट गेल, म्हणजे दहापर्यंत. दोन महिने 'पाच'वर अडलेली पोरं आठवड्याभरात बेरजा करायला लागली. बेरीज त्यांना आधीपासून येत होती. मी विचारत होतो त्या भाषेत येत नव्हती, इतकंच.

माझं म्हणणं साधं आहे. पहिली-दुसरीला बोलणं, गोष्टी, मोजणं कोरकूत होऊ द्या, लिपी देवनागरीच ठेवा, मराठी हळूहळू आणा. आणि वर्गात गावातली एक शिकलेली ताई मदतीला बसवा. मराठी घालवायची नाही, मराठीपर्यंत पोचायची पायरी बांधायची आहे. तुमचं काय मत?

वऱ्हाडी ठेचा

मास्तर, तळमळ पोचली, मत पटलं नाही. उद्या हेच पोरगं 'नीट' परीक्षेला बसेल, पोलीस भरतीला उभं राहील. तिथे कोरकूत पेपर येतो का? आमच्या घरी वऱ्हाडीच बोलत. मीही 'मले', 'तुले' करत शाळेत गेलो, मास्तरांच्या छड्या खाल्ल्या, पुस्तकी मराठी शिकलो, काही मेलो नाही. आणि पालकांना विचारलंत का? सरकारच्या नामांकित इंग्रजी निवासी शाळांच्या योजनेसाठी आदिवासी आईबाप अर्ज घेऊन फिरताना मी स्वतः पाहिलेत. त्यांना इंग्रजी पाहिजे आणि आपण त्यांना कोरकू धरून बसा म्हणायचं! आपली पोरं मात्र कॉन्व्हेंटमध्ये.

सातपुड्याचा मास्तर

शेवटचं वाक्य लागलं. माझा मुलगा परतवाड्याला सेमी-इंग्रजीत आहे, लपवत नाही.

पण वऱ्हाडीचं उदाहरण इथे बसत नाही. तुम्ही 'मले'चं 'मला' केलंत. 'पाणी' हा शब्द काही नव्याने शिकावा लागला नाही तुम्हाला. कोरकूत पाण्याला 'डा' म्हणतात. या भाषेचं गोत्र झारखंडकडच्या संताळी-मुंडारीशी जुळतं, मराठीशी नाही. गोंडीचं तेलुगू-कन्नडशी. भिल्ली, वारली, पावरी त्या मानाने आपल्या जवळच्या, तरी त्यांचीही ओढाताण होतेच. सगळ्या आदिवासी पोरांना एका मापाचा सदरा शिवायचा, इथेच गाडं अडतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये 'शक्य असेल तितपत' मातृभाषेतून शिकवा असं आहे. त्या 'शक्य असेल तितपत'नेच आमचा घात केला.

भोंगऱ्या

दोघांचं वाचलं. मी धडगावकडचा, पावरा. सहाव्या वर्षापासून आश्रमशाळेत. कुठली ते लिहीत नाही, गुरुजी अजून आहेत. पावरीत बोललं की रांगेतून बाहेर काढून उभं करायचे, जेवण सगळ्यांच्या शेवटी. शेवटी म्हणजे डाळीचं पाणी. आम्ही रात्री गोधडीत तोंड घालून पावरी बोलायचो.

पण हेही लिहितो, ती आश्रमशाळा नसती तर दिवाळीनंतर आईबापाबरोबर मी ऊसतोडीला गुजरातेत गेलो असतो. माझे दोन भाऊ गेले. आज मी पुण्यात नोकरीला आहे, ते नाहीत. म्हणून कोणी 'आश्रमशाळा बंद करा' म्हणालं की डोकं फिरतं, आणि कोणी 'छड्या खाऊन शिकलो' म्हणालं की जास्त फिरतं.

आणि ते संस्कृती प्रकरण! ९ ऑगस्टला आदिवासी दिन आला की पोरांच्या कमरेला पानं बांधायची, तोंडाला काळं-पांढरं फासायचं, साहेबांसमोर नाचवायचं. आमच्यात कोणी पानं बांधत नाही हो. आमची माणसं होळीला चांदी घालतात, पागोटी बांधतात. ते सिनेमातलं आहे. त्यापेक्षा होळीला आठवडाभर सुट्टी द्या. होळीआधीचा आमचा भोंगऱ्या बाजार भरला की सगळा सातपुडा खाली उतरतो, स्थलांतराला गेलेलेही परत येतात, आणि नेमकी तेव्हा आमची चाचणी परीक्षा. पळून गेलो तर नाव कटायची धमकी. गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या मात्र न मागता मिळायच्या.

सातपुड्याचा मास्तर

होळीचं शंभर टक्के. मेळघाटातही तेच, होळीचे पाच दिवस वर्गात फक्त मी आणि फळा. मी अनुपस्थिती लावतो, माझ्या नावाने 'कारणे दाखवा' नोटीस येते.

धानोरा फास्ट

गडचिरोलीचं बोलू. धानोरा तालुक्यातल्या मोहगावने २०१९ मध्ये ग्रामसभेच्या ठरावाने गोंडी शाळा सुरू केली. त्याच तालुक्यात मेंढा-लेखा आहे, जिथून 'मावा नाटे मावा राज' ही घोषणा आली: आमच्या गावात आमचंच राज्य. म्हणजे गावाला स्वतःचा निर्णय घ्यायची सवय आहे. मोहगावच्या शाळेत गोंडी आहेच, शिवाय इतर भाषाही शिकवतात. शिक्षण खात्याने काय केलं? बेकायदा शाळा म्हणून नोटीस. आदिवासी भागातल्या ग्रामसभांसाठीचा पेसा कायदा १९९६ चा, त्यात परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. तो अधिकार काय फक्त नाचगाण्यापुरता?

कलम आणि कांदा

वकिली बाजू मांडतो, शिव्या नंतर घाला. विनामान्यता शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड, पुढे दिवसाला दहा हजार. हे कलम गल्लीबोळातल्या कोंबडीच्या खुराड्यासारख्या इंग्रजी शाळांसाठीही आहे. 'ग्रामसभेने ठरवलं' म्हणून एकीला सूट दिली तर उद्या कोणीही ठराव दाखवेल. प्रश्न पोरांचा आहे. मान्यता नसलेल्या शाळेतून पुढे जायचं तर दाखल्यासाठी कोणाच्या दारात उभं राहणार? आणि गोंडी अजून घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, नाही. २००३ च्या घटनादुरुस्तीने बोडो आणि संताळी आल्या. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांवर, पण सहा राज्यांत विखुरलेले, त्यामुळे कुठल्याच सरकारला घाई नाही.

धानोरा फास्ट

दाखल्याचा मुद्दा मान्य. पण मग मान्यता द्या ना! अडवणारे तुम्हीच आणि मान्यता नाही म्हणून ओरडणारेही तुम्हीच. सासूने मडकं लपवायचं आणि सुनेला पाणी का नाही विचारायचं.

टोरांटोचा जोशी

इथे कॅनडात ३० सप्टेंबरला मुलं नारिंगी टीशर्ट घालून शाळेत जातात. मूळनिवासी मुलांना घरातून उचलून निवासी शाळांत कोंबलं, भाषा तोडली, कित्येक परत आलीच नाहीत, त्यांच्या आठवणीत. २००८ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. भोंगऱ्या यांचं 'जेवण शेवटी' वाचून माझ्या मुलीचा तो टीशर्ट डोळ्यांसमोर आला.

वऱ्हाडी ठेचा

जोशीबुवा, ही तुलना नको. तिथे 'यांच्यातला इंडियन मारा' हे धोरणच होतं. इथे आश्रमशाळा गरिबाच्या पोराला दोन घास आणि चार अक्षरं मिळावीत म्हणून निघाल्या.

भोंगऱ्या

हेतू वेगळा होता, मान्य. रांगेतून बाहेर काढलेल्या पोराला हेतू दिसत नाही.

वऱ्हाडी ठेचा

बरं, छड्यांचं मी मागे घेतो. पण मास्तर, व्यवहाराचं बोला. त्या ताईला मानधन कोण देणार? पुस्तकं कोण छापणार? ओडिशाने २००६ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांत सुरुवात केली म्हणतात, आपल्याकडे प्रयोग निघतात आणि साहेब बदलला की कपाटात जातात. मेळघाटात तुमच्यासारखा एखादा कोरकू शिकतो. तुमची बदली झाली की?

सातपुड्याचा मास्तर

ताईला सध्या आम्ही तीन शिक्षक मिळून महिन्याला दीड हजार देतो. पावती नाही, विचारू नका. केंद्रप्रमुखांना माहीत आहे, ते दुसरीकडे बघतात, हीच त्यांची मदत. पुस्तक म्हणजे पोरांनी सांगितलेल्या चौदा गोष्टी, मी देवनागरीत उतरवलेल्या, झेरॉक्स काढून दाभणाने शिवलेल्या. एक रानडुकराची आहे, ती इतकी वाचली गेली की दोनदा नवी शिवावी लागली.

बदलीचं विचारलंत. यंदाच्या यादीत नाव आहे माझं. नव्या सरांना मिया-बारी शिकवतोय, दहापर्यंत आलेत. 'आई आला'वाल्या पोराला त्यांनी काल विचारलं, कोरकूत कसं म्हणायचं? पोराने सांगितलं. सरांनी म्हणून पाहिलं, चुकलं, आणि सगळा वर्ग हसला.